निकोडेमसच्या आजींना, मनापासून आभार

प्रिय आजी,

साष्टांग नमस्कार.

निघताना तुम्ही बजावलं होतंत की हे सगळं तुझ्या गावाकडच्या माणसांना सांग. म्हणून हे पत्र मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहितेय. इंग्रजीतलं वेगळं पाठवलंय, त्यात नुसते आभार आहेत. इथे मात्र आधी तुमच्या गावाबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय तुम्ही मला काय दिलंत ते वाचणाऱ्यांना कळायचं नाही.

निकोडेमस हे अमेरिकेत कॅन्ससच्या वायव्येला, ग्रॅहम काउंटीत, २४ नंबरच्या हायवेलगतचं एवढंसं गाव. सगळा प्रेअरीचा मुलूख. नजर जाईल तिथवर गवत आणि गहू, झाडांची रांग दिसली की तिथे ओढा असणार असं समजायचं. १८७७ साली केंटकीहून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी हे गाव वसवलं. गुलामगिरी कायद्याने बंद होऊन तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती. दक्षिणेत राहायचं तर पुन्हा दुसऱ्याच्याच शेतावर बटाईने राबायचं. इकडे १८६२ च्या होमस्टेड कायद्याप्रमाणे पाच वर्षं राहून जमीन कसली की १६० एकर स्वतःच्या नावावर होत होती. डब्ल्यू. आर. हिल हे गोरे गृहस्थ आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय गृहस्थ, या दोघांनी पुढाकार घेऊन गावासाठी कंपनी काढली, पत्रकं वाटली. त्या सप्टेंबरात सुमारे तीनशे माणसं आली. एलिस हे रेल्वेचं स्टेशन गावापासून पस्तीस मैलांवर, तिथून पुढे गावापर्यंत रेल्वे नव्हती.

पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांची आठवण तुम्ही सांगितलीत तेव्हा आपण दोघी शेताच्या कडेला उभ्या होतो. त्यांची मुलं वाटेत गोवराने आजारी पडली. तळ पडला होता तिथे बरोबरच्या कुटुंबांतली काही लेकरं दगावली. शेवटी गाव आलं म्हणून माणसं ओरडायला लागली, तर यांना गाव दिसेचना. नवऱ्याने बोट केलं तिकडे जमिनीतून धूर निघत होता. माणसं जमिनीत खणलेल्या घरांत राहत होती. ते पाहून त्या बाईंना रडू कोसळलं.

हे मी वाचलेलं होतं. पण तुम्ही पायाने गवत बाजूला सारून तो खळगा दाखवलात. भोवतालचं गवत ऑगस्टच्या उन्हात पिवळं पडलेलं आणि खळग्यात मात्र हिरवं, कारण पाणी तिथे थांबतं. तुम्ही मला आत उतरायला लावलंत. माझ्या खांद्यापर्यंतही कड आली नाही, इतका तो बुजलाय. पण लांबी-रुंदी अजून ताडता येते. आमच्या घरच्या ओसरीएवढी. तेवढ्यात अख्खं कुटुंब, आणि बाहेर कॅन्ससचा हिवाळा. आजी, त्या खळग्यात उभं केल्याबद्दल तुमचे आभार मी कसे मानू?

तो पहिला हिवाळा कसा निघाला हे तुम्ही दोनदा सांगितलंत, आणि दोन्ही वेळा ओसेज लोकांचं नाव आवर्जून घेतलंत. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी आपल्याजवळचं अन्न या नव्या लोकांना दिलं. ज्यांना स्वतःलाच काही वर्षांपूर्वी कॅन्सस सोडून दक्षिणेला जावं लागलं होतं, त्यांनी. बाकी कुणी माळावर पडलेली गव्यांची हाडं गोळा करून विकली, कुणी एलिसला जाऊन रेल्वेवर मजुरी केली. वसंत आला तेव्हा नांगर नव्हते, घोडे तर इनमिनतीन. शतकानुशतकं मुळांनी विणलेली ती जमीन माणसांनी कुदळी-फावड्यांनी फोडली. मी शेतकऱ्याची मुलगी आहे, पहिल्यांदा पडीक फोडणं काय असतं ते मला ठाऊक आहे. बैलांशिवाय ते कसं केलं असेल याचा विचार अजून डोक्यातून जात नाही.

दहा वर्षांत तिथे दुकानं, चर्च, शाळा, हॉटेल, दोन वर्तमानपत्रं उभी राहिली. इथलेच एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. मग रेल्वेचा प्रश्न आला. रेल्वे गावातून जावी म्हणून गावाने १८८७ मध्ये सोळा हजार डॉलरचे रोखे मंजूर केले, पण १८८८ मध्ये रूळ पडले ते नदीपलीकडून. व्यापाऱ्यांनी तिकडे, बोग या नव्या गावी, बिऱ्हाडं हलवली. शेतकऱ्यांना जमीन उचलून नेता येत नाही, ते राहिले. पुढे तिसाच्या दशकातला दुष्काळ आणि धुळीची वादळं आली, १९५३ मध्ये पोस्ट बंद झालं. आज कायम राहणारी माणसं दोन डझनही नसतील. १९९६ पासून गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, पाच जुन्या इमारती जपल्या आहेत. १९३९ चं चुनखडीच्या दगडाचं टाउनशिप हॉल मला त्यात सगळ्यात आवडलं.

इमारतींजवळ पाट्या आहेत, त्यावर सनावळ्या आहेत. पण कुठली पट्टी कुठल्या घराण्याची, कोणती कर्जात गेली, कोणती भावाभावांनी मिळून सोडवली, कोण शहरात नोकरी करून इथल्या जमिनीचा कर भरत राहिलं, हे पाट्यांवर नाही. ते तुम्ही गाडी चालवता चालवता सांगत होतात. इतिहास आणि सातबारा असे एकत्र सांगणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं.

आणि माझ्या कामासाठी तुम्ही केलेली मदत वेगळीच. कोरडवाहू ज्वारीवर शिकायला मी अकोल्याकडून कॅन्सस स्टेट विद्यापीठात आले. त्या भागातल्या शेतकऱ्यांशी बोलायचं होतं, ओळख कुणाचीच नव्हती. तुम्ही स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून एकेकाला फोन लावत गेलात, माझी हमी घेतलीत. त्यामुळे मला कळलं की वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या पश्चिम विदर्भापेक्षाही कमी पावसात ही माणसं कशी निभावतात. तीन वर्षांत दोनच पिकं. गहू, मग ज्वारी, मग जमीन पड ठेवून ओल साठवायची.

ज्वारीला तिथे मायलो म्हणतात आणि ती जनावरांना घालतात. कमरेएवढ्या उंचीचं, तांबूस कणसांचं ते शेत बघून मी गाडी थांबवायला लावली. दाणा चिकात होता. हुरड्याची गोष्ट मी सांगत सुटले आणि तुम्ही शांतपणे ऐकत होतात. संध्याकाळी मी बरोबर आणलेल्या पिठाच्या भाकरी थापल्या. तुम्ही कॉलर्डच्या पालेभाजीबरोबर खाल्ल्यात आणि म्हणालात, हे मूळचं आफ्रिकेचंच धान्य. खरंय आजी. तुमच्या पूर्वजांच्या मातीतलं धान्य आमची पिढ्यान्‌पिढ्याची भाकरी आहे.

त्याच रात्री मी तुम्हाला जोतिबा फुल्यांबद्दल सांगितलं. निकोडेमस वसण्याच्या चार वर्षं आधी, १८७३ मध्ये, त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. पुण्यातला माणूस तुमच्या लोकांच्या मुक्तीकडे डोळे लावून बसला होता, हे ऐकून तुम्ही मला ते पुन्हा सांगायला लावलंत. नाव कागदावर लिहून घेतलंत, उच्चार घोटून घेतलात. माझ्यासाठी तो मोठा मान होता.

आता जुलैअखेरच्या होमकमिंगबद्दल. कॅरिबियनमधल्या ब्रिटिश वसाहतींतले गुलाम १ ऑगस्ट १८३४ ला कायद्याने मुक्त झाले, त्या दिवसाच्या आठवणीने सुरू झालेला हा मेळा, देशभर पांगलेली तुमची घराणी त्यासाठी गावी परततात. तुम्ही मला बोलावलंत, मी येतेय. आईबाबाही त्या सुमारास इकडे असतील. ऐन डवरणीत शेत काकांवर सोपवून निघणं बाबांच्या जिवावर आलंय, पण १६० एकरांचा एक तुकडा त्यांना डोळ्यांनी बघायचाय. आई ज्वारीचं पीठ आणि तिळाची चटणी घेऊन येते आहे. चूल तेवढी मोकळी ठेवा, भाकरी आम्ही करू.

तुमची,
अकोला जिल्ह्यातली एक शेतकऱ्याची मुलगी