बल्ब का पेटत नाही

प्रिय छकुली,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, आपल्या अंगात वीज असते, तर मग हातात धरलेला बल्ब का पेटत नाही?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, पण प्रश्न मनातून जाईना. माझं रोजचं कामच त्या विजेचं आहे.

इथल्या दवाखान्यात मी ईसीजी काढते. हातापायांवर चार आणि छातीवर सहा पट्ट्या लावल्या, की हृदयाची वीज कागदावर उमटते. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो. एका मिलिव्होल्टला, म्हणजे व्होल्टच्या हजाराव्या भागाला, रेघ 10 मिलिमीटर वर चढते. गेल्या आठवड्यात एक आजोबा थंडीने कुडकुडत होते. रेघ नुसती थरथरत होती, काही वाचता येईना. पांघरूण घातलं, दोन मिनिटं थांबले, आणि रेघ स्वच्छ आली. कुडकुडणाऱ्या स्नायूंनाही स्वतःची वीज असते, तीच मध्ये घुसत होती.

वायरमध्ये इलेक्ट्रॉन सरकतात. अंगातली तऱ्हा वेगळी. पेशीबाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, आणि दोन्हींच्या कणांवर विद्युतभार. पेशीच्या पडद्यातला पंप दर खेपेला तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. तू झोपलीस तरी तो थांबत नाही. त्यामुळे मज्जापेशीच्या, म्हणजे शरीरात निरोप नेणाऱ्या पेशीच्या, आतबाहेर सुमारे 70 मिलिव्होल्टचा फरक टिकून राहतो. निरोप निघाला की पडद्यातली दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, त्याने शेजारची दारं उघडतात, आणि लाट पुढे जाते. वेगवान तंतूंत ती सेकंदाला 100 मीटरच्याही पुढे जाते, सावकाश तंतूंत जेमतेम एक मीटर. पायाचं बोट ठेचलं की आधी नुसतं "लागलं" कळतं आणि ठणका मागून येतो, तो याचमुळे.

आता तुझा बल्ब. मोठं माणूस दिवसाला 2000 किलोकॅलरी वापरतं असं धरलं, तर सरासरी जवळजवळ 100 वॅट होतात. ऊर्जा कमी नाही गं! पण ती कोट्यवधी पेशींत वाटलेली असते, आणि बरीचशी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. प्रत्येक पेशीची वीज तिच्या पातळ पडद्यापुरती. एका तारेतून ती बल्बपर्यंत आणायची सोयच शरीरात नाही.

एक मात्र ताईलाही वाचून दाखव. बाहेरची वीज अंगात शिरली की स्नायू तिचं ऐकतात. सुमारे 10 मिलिअँपिअरलाही, म्हणजे अँपिअरच्या शंभराव्या भागाएवढ्या प्रवाहालाही, मूठ आवळली जाते आणि सोडवता येत नाही. कोरडी त्वचा विजेला बरीच अडवते, ओली फारच कमी. म्हणून ओल्या हाताने बटणाला हात लावायचा नाही, म्हणजे नाहीच. कुणी चिकटलं तर त्याला धरून ओढायचं नाही, आधी मेन स्विच बंद करायचा. मला तुमची काळजी वाटते, म्हणून इतकं बजावते आहे.

हृदयाचा ठोका मेंदूच्या हुकमाची वाट बघत नाही, बरं का. त्याच्याच वरच्या बाजूला पेशींचा छोटा पुंजका असतो, तिथून दर ठोक्याची वीज निघते. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेव आणि पूर्ण एक मिनिट नाडी मोज. एकदा शांत बसून, एकदा जिना चढून आल्यावर. दोन्ही आकडे मला कळव, ताईचेही.

तुझी,
मावशी