सेल वाढवले की ताकद वाढते, हे क्रॉलरला सरसकट लागू नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत रिमोटवरच्या रॉक क्रॉलर, म्हणजे हळूहळू दगड चढणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांवर अख्खं पान आलं, बघून बरं वाटलं, कारण एरवी आमच्या या छंदाला घरातही कोणी विचारत नाही. फोटो झकास होते. पण त्यातल्या बॅटरीच्या चौकटीत थ्री-एस ही टू-एसपेक्षा कधीही चांगली आणि तिने ताकद दीडपट होते असं जे ठोकून दिलंय ना, त्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. दुकानवाले हेच सांगतात, आता पेपरात पण आलं म्हटल्यावर सुट्टी लागली की बरेच आईबाप डोळे मिटून तेच पॅक घेऊन येणार.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. एस म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले सेल. या गाड्यांत लायपो म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी असते, तिचा एक सेल ३.७ व्होल्टचा धरतात, फुल चार्ज झाला की ४.२. म्हणजे टू-एस ७.४ची, भरल्यावर ८.४, आणि थ्री-एस ११.१ची, भरल्यावर १२.६. स्पीड कंट्रोलर, ज्याला आम्ही सगळे ईएससी म्हणतो, त्याला हा भरल्यावरचा आकडा झेपायला लागतो, स्टिकरवरचा नाही.

आता मुद्दा. क्रॉलर दगडावर चढवताना ट्रिगर किती दाबतो आपण? जेमतेम पाव, कधी त्याहून कमी. ईएससी काय करते तर बॅटरी मोटरला सेकंदाला हजारो वेळा जोडते-तोडते आणि त्यातून मोटरला सरासरी व्होल्टेज मिळतं. त्यामुळे टू-एसवर अर्धा ट्रिगर आणि थ्री-एसवर एक तृतीयांश ट्रिगर, मोटरसाठी जवळपास सारखंच. मोटर तीच ठेवून नुसता सेल वाढवला तर हळू चढताना हातात काहीच जास्त पडत नाही, फक्त फुल ट्रिगरला गाडी दीडपट पळते आणि जो बारीक कंट्रोल पाहिजे तो ट्रिगरच्या आधीपेक्षा कमी हालचालीत कोंबला जातो. बोट जरा जास्त गेलं की चाक दगडावर गरगरतं, गाडी उडी मारते आणि उलटी.

म्हणून माझं म्हणणं असं की आधी मोटर बघा, मग सेल. ब्रश्ड मोटरवर टर्न, म्हणजे आतल्या तारेचे वेढे, लिहिलेले असतात, ३५टी, ४५टी, ५५टी वगैरे. टर्न जास्त तशी मोटर हळू. ५५ला ३५ने भागलं तर दीडच्या थोडं वर येतं, आणि थ्री-एस टू-एसच्या बरोबर दीडपट. म्हणजे ५५टी थ्री-एसवर टाका नाहीतर ३५टी टू-एसवर, टॉप स्पीड साधारण तोच. फरक पडतो तो करंटमध्ये, ५५टी तेवढ्याच जोरासाठी ३५टीच्या साधारण दोन तृतीयांश करंट घेते, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्याने ईएससी, वायरी आणि प्लग सगळंच थंड राहतं. एप्रिलमध्ये दुपारी आपल्या काळ्या कातळावर गाडी चालवून बघा, मग याची किंमत कळते. थोडक्यात थ्री-एस चांगलीच आहे, मी स्वतः तीच वापरतो, पण हळू मोटरबरोबर. वेगवान मोटर आणि थ्री-एस हे रेसिंगवाल्यांचं काम.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. क्विकरन १०६० ही बऱ्याच जणांकडे असलेली साधी ईएससी घ्या, तिच्या मॅन्युअलमध्येच टू-एसला मोटर किमान १२ टर्नची आणि थ्री-एसला किमान १८ टर्नची असं दिलंय. दोनाला तीन, बाराला अठरा. पण डब्यावर मोठ्या अक्षरात टू-एस ते थ्री-एस एवढंच असतं आणि मॅन्युअल कोण वाचतंय.

नावांचा पण घोळ आहे. ट्रॅक्सस कंपनीची एक्सएल-५ ही ईएससी लायपोत टू-एसपर्यंतच आहे. २०१७ साली त्यांची टीआरएक्स-४ ही क्रॉलर आली तिच्यात एक्सएल-५ एचव्ही आहे, ती थ्री-एस घेते. नावात फरक फक्त एचव्हीचा. सेकंडहँड गाडी घेताना समोरचा बिनधास्त एक्सएल-५ आहे म्हणून सांगतो, तेव्हा ईएससी उलटीपालटी करून काय लिहिलंय ते बघाच.

आमच्या सोसायटीतल्या एका आठवीतल्या पोराची ईएससी अशीच गेली. ती फक्त टू-एसची होती हे तिच्यावर छापलेलं असताना दुकानातल्या माणसाने चालतंय रे म्हणून थ्री-एसचा पॅक दिला. पोरगं बिचारं खूश. नंतर मी उघडून बघितली तर कपॅसिटरचं डोकं फुगून वर आलेलं आणि बोर्डवर नखाएवढा काळा डाग. दुकानात परत नेली तर म्हणे पाणी गेलं असेल. पैसे अर्थातच गेले.

ज्याच्याकडे कोणीच लक्ष देत नाही ते म्हणजे बीईसी, म्हणजे ईएससीतला तो भाग जो सर्व्होला (स्टिअरिंग फिरवणारी छोटी मोटर) आणि रिसीव्हरला ६ व्होल्ट वगैरे देतो. क्रॉलरमध्ये बऱ्याचदा मोटरपेक्षा सर्व्होच जास्त सोसतो, पुढचं चाक दोन दगडांत अडकलेलं असताना आपण स्टिअरिंग फिरवत बसतो आणि वीस-पंचवीस किलो जोराचा सर्व्हो तेव्हा दोन-तीन अँपिअर सहज ओढतो. बीईसी जुन्या लिनिअर पद्धतीची असेल तर वरचं सगळं व्होल्टेज ती उष्णता करून टाकते. हिशोब करा, भरलेली टू-एस म्हणजे ८.४ वजा ६, गुणिले २ अँपिअर, पाचेक वॅट. तेच थ्री-एसवर १२.६ वजा ६, गुणिले २, म्हणजे १३ वॅट, छोट्या सोल्डरिंग आयर्नच्या निम्मं, आणि तेही काड्यापेटीएवढ्या बंद डबीत. मग बीईसी दमते, रिसीव्हर क्षणभर झोपतो, गाडी कड्यावर मध्येच मरते आणि आपण रिमोटला शिव्या देतो. स्विचिंग बीईसी असेल तर हा त्रास फारसा नाही. उलट टू-एस संपत आली की ६.४ व्होल्टवर बीईसीला ६ व्होल्ट काढायला जागाच उरत नाही, सर्व्हो आधी ढिला पडतो, तिथे थ्री-एस बरी पडते. तर दोन्हीकडून बघायला लागतं.

अजून एक, आणि हे जरा धोक्याचं आहे. बऱ्याच स्वस्त ईएससी चालू केल्यावर एकूण व्होल्टेज बघून सेल किती ते ठरवतात, साधारण ९च्या खाली दिसलं की टू-एस समजायचं. आता पार उतरलेली थ्री-एस तुम्ही तशीच परत लावली आणि ती ८.८ वर असेल तर ईएससीला वाटतं टू-एसच आहे, मग ती ६.५पर्यंत बंदच होत नाही, म्हणजे सेलमागे २.२ पण नाही. लायपो ३च्या खाली गेली की खराब व्हायला लागते, फुगते, आणि अशी फुगलेली बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावणारे लोक मी बघितलेत. तसंच ईएससीवरचा बॅटरीचा प्रकार ठरवणारा जंपर निकेलच्या बॅटरीवर राहिला असेल तरी कटऑफ लायपोला धरून होत नाही. दोनेकशे रुपयांचा बजर मिळतो, बॅटरीच्या पांढऱ्या बॅलन्स प्लगच्या पिनवर खोचायचा, एकेक सेल मोजतो आणि खाली गेला की बोंब मारतो. तो घ्या.

रनटाइमचं पण त्या चौकटीत होतं की थ्री-एस जास्त वेळ चालते. ते पॅकवरच्या एमएएचवर, म्हणजे त्यात किती चार्ज मावतो त्यावर पण आहे ना. ५००० एमएएचची टू-एस म्हणजे ३७ वॅट-तास आणि ३३०० एमएएचची थ्री-एस म्हणजे ३६.६, वजनही जवळपास तेवढंच. वजन तर क्रॉलरला इतकं महत्त्वाचं की बॅटरी खाली आणि पुढे बसेल असा पॅक मी सेलच्या संख्येपेक्षा आधी बघतो, उंच ठेवलेली जड थ्री-एस चढावर गाडीला मागे पालथी घालते.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी या विषयावर छापाल तेव्हा चौकटीत ईएससीची मर्यादा, मोटरचे टर्न आणि बीईसी कुठल्या प्रकारची या तीन गोष्टी टाका. आणि जुना पॅक घेणाऱ्यांसाठी, स्टिकर फाटलं असेल तर पांढऱ्या बॅलन्स प्लगच्या वायरी मोजा, तीन असतील तर टू-एस, चार असतील तर थ्री-एस, दुकानदार काहीही सांगो.

आपला,
एक क्रॉलरवाला वाचक, पुणे