जेडचा परशू घेण्याआधी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तू घेऊ पाहतोयस त्या परशूचे लिलावाच्या कॅटलॉगमधले फोटो पाहिले. ‘लियांगझू, इ. स. पू. ३०००’ असं लिहून पात्याच्या दोन्ही बाजूंना देवाचा मुखवटा कोरलेला दाखवलाय, आणि मला पहिला संशय त्या मुखवट्याचाच आला. लियांगझू ही चीनमधली नवाश्मयुगीन संस्कृती. तिचे लोक शांघायच्या पश्चिमेला, ताई सरोवराच्या आसपास राहत. उत्खननात मिळालेले त्यांचे जवळजवळ सगळे परशू कोरे आहेत. १९८६ साली त्यांच्या फानशान इथल्या दफनभूमीत १२ नंबरच्या थडग्यात निघालेला परशू हा ठळक अपवाद: लांबी १७.९ सेंटिमीटर, धारेकडे रुंदी १६.८, जाडी जेमतेम ०.९. धारेच्या वरच्या कोपऱ्यात मुखवटा, खालच्या कोपऱ्यात पक्षी. नकला करणारे नेमका हाच उचलतात, कारण पुस्तकात फोटो त्याचा असतो.

ही हत्यारं लढण्यासाठी नव्हती, मिरवण्यासाठी होती. त्यामुळे धारेवर टवके नसणं ठीकच आहे. लाकडी दांडा कुजून जातो. श्रीमंत थडग्यांत दांड्याच्या दोन टोकांची जेडची टोपणं तेवढी उरतात. पात्याचा मागचा काठ दांड्याच्या खाचेत लपत असे, म्हणून तो बऱ्याचदा ओबडधोबड सोडलेला असतो. तुझ्या परशूचा मागचा काठसुद्धा आरशासारखा घासलाय. कोण कशाला एवढी मेहनत करील?

आता पात्यातलं भोक. मी असतो तर बाकी सगळं सोडून आधी त्यात डोकावलो असतो. त्या काळी पोकळ नळी, बहुधा बांबूची, ओल्या वाळूवर फिरवून भोक पाडत. त्यांचं जेड म्हणजे नेफ्राइट. मोह्सच्या मापावर काठिण्य ६ ते ६.५. वाळूतली गारगोटी ७, म्हणजे कापते ती वाळू, नळी नुसती तिला फिरवते. नळी आणि वाळू दोन्ही झिजत जातात, त्यामुळे भोक आत जाताना निमुळतं होतं. जाड पात्याला दोन्ही बाजूंनी भोक पाडलेलं असतं, आणि आतला आकार डमरूसारखा दिसतो. दोन्ही भोकं क्वचितच बरोबर जुळतात, मधे छोटी पायरी राहते. टॉर्च तिरका धरून दहा पट भिंगातून बघ: भिंतीवरच्या गोल रेघा कमीजास्त खोल, मधेच तुटलेल्या हव्यात, कारण सुटी वाळू गडगडत असते. आजच्या हिऱ्याच्या गिरमिटात कण पक्के बसवलेले असतात. त्याच्या रेघा एकसारख्या, अखंड येतात आणि भिंत सरळ उभी राहते.

पांढरेपणाला भुलू नकोस. जमिनीत हजारो वर्षं राहून नेफ्राइट पांढुरकं होतं खरं, पण ते असमान होतं. भेगांच्या कडेनं खोल, इतरत्र उथळ. भट्टीत भाजलेल्या दगडावर पांढरेपणा सगळीकडे सारखा आणि बारीक तडांची जाळी दिसते. मुखवट्याच्या रेघांत पांढऱ्या थराखालचा ताजा हिरवा दगड उघडा पडलेला दिसला, तर परशू जुना असेलही, पण कोरीवकाम नंतरचं. हा प्रकार सर्रास चालतो, कारण कोऱ्यापेक्षा कोरलेल्याला कितीतरी जास्त भाव येतो.

चाकूनं ओरखडा काढून बघ, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. फार पांढरं झालेलं अस्सल नेफ्राइट मऊ पडतं, चाकूचा ओरखडा सहज उठतो. घनता मोजणं बरं. आधी कोरडं वजन कर, मग दोऱ्यानं पाण्यात लटकवून कर. समज २०६ ग्रॅमचे १३६ झाले, तर घट ७०. २०६ भागिले ७० म्हणजे २.९४. नेफ्राइट साधारण २.९ ते ३ मध्ये बसतं, जेडसारखा दिसणारा स्वस्तातला दगड सर्पेंटाइन २.६ च्या आसपास. भोकात हवेचा बुडबुडा अडकला तर आकडा कमी येतो, तेव्हा आधी ब्रशनं झटक. पण पृष्ठभागावर हिंगुळाचे लाल ठिपके असतील किंवा तुकडा सच्छिद्र असेल तर पाण्यात घालूच नकोस. आणि आकडा ३.३ आला तर तो जेडाइट, जेड म्हणूनच विकला जाणारा दुसरा दगड. तो ब्रह्मदेशातून चीनमध्ये मुख्यतः अठराव्या शतकापासून येऊ लागला, म्हणजे विषयच संपला.

कागदपत्रांचं म्हणशील तर लिलाववाल्यांनी ‘१९२० च्या संग्रहातलं, लियांगझू’ अशी जुनी चिठ्ठी दाखवलीय. लियांगझूचं ठिकाण उजेडात आलं १९३६ साली, आणि असे जेड त्या संस्कृतीचे आहेत हे १९७३ च्या त्साओशिएशान उत्खननानंतर स्पष्ट झालं. १९२० मधल्या दुकानदारानं ‘चौ’ किंवा ‘हान’ अशा नंतरच्या राजवंशाचं नाव लिहिलं असतं. अशी चुकीची जुनी चिठ्ठी मला जास्त विश्वासाची वाटते!

शिवाय तू अमेरिकेत आणि माल युरोपात. जानेवारी २००९ पासून अश्मयुगापासून तांग काळाच्या शेवटापर्यंतच्या (इ. स. ९०७) चिनी पुरावस्तू अमेरिकेत आणायला चीनचा परवाना किंवा त्याआधीच त्या चीनबाहेर होत्या याचा पुरावा लागतो. नसेल तर कस्टम्स वस्तू अडकवून ठेवील, आणि पैसे तर तू भरलेले असशील.

बोलीआधी त्यांच्याकडून भोकाचे दोन्ही बाजूंनी तिरक्या उजेडातले फोटो आणि २००९ पूर्वीची एखादी पावती मागव. टाळाटाळ केली तर सोडून दे. त्याच कॅटलॉगात शेवटून दुसऱ्या पानावर एक साधा, कोरा, करड्या दगडाचा परशू आहे. मागचा काठ खडबडीत, भोकात पायरी. त्याचीही कागदं मागव. मला तो जास्त आवडला.

तुझा,
अविनाश