न कळलेल्या एका ओळीसाठी आभार

प्रिय ताई,

आपल्या पॉडकास्टच्या शेवटी ‘ध्वनिसंपादन’ असं म्हणून तुमचं नाव येतं, तोवर बहुतेक श्रोत्यांनी हेडफोन काढून ठेवलेले असतात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. मुलाखती घेणाऱ्या आणखी चारजणांनी ते वाचलं तर बरंच. तुम्ही मला जे दाखवलंत, ते मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

लोकांना वाटतं, ध्वनिसंपादकाचं काम म्हणजे खोकला कापणं आणि ‘अं... अं...’ काढून टाकणं. तुम्ही मला माझाच ट्रॅक एकटा लावून ऐकायला सांगितलात, तेव्हा हे काम खरं काय आहे ते कळलं. पाहुण्याचा आवाज एका ट्रॅकवर आणि माझा दुसऱ्या. पाहुण्याचा बंद करून माझा तेवढा ऐकला, तरी मी ऐकत होतो की नुसता बसलो होतो ते लख्ख कळतं. समोरचा वाक्याच्या मध्यावर असताना बोलण्यासाठी भरून घेतलेला श्वास त्यात ऐकू येतो. तो श्वास घेतला की माणूस फक्त आपली पाळी यायची वाट बघत असतो. ‘इथे तू निघून गेलास’ एवढंच तुम्ही त्या जागी लिहिता. रागावत नाही, समजावतही नाही.

नंतर या विषयावर थोडं वाचलं. भाषेच्या अभ्यासक तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १० भाषांमधली बोलणी तपासली. एकाचा प्रश्न संपणं आणि दुसऱ्याचं उत्तर सुरू होणं, यांत सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढंच अंतर सापडलं. साधा एक शब्द तोंडातून काढायच्या तयारीलाही याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य जुळवायला घेतो. गप्पांमध्ये हे चालून जातं. मुलाखतीत मात्र वाक्याचं शेपूट हातातून निसटतं, आणि माणसं नेमकी शेपटातच मोलाची गोष्ट ठेवतात. ‘...पुढे मला ते पटेनासं झालं, पण ते असो.’ या ‘असो’पाशी थांबायला तुम्ही शिकवलंत.

थांबायचं म्हणजे नुसतं गप्प राहायचं, तीनेक सेकंद. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमध्ये हेच पाहिलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत. तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबले, की मुलांची उत्तरं लांबत आणि मुलं आपणहून जास्त प्रश्न विचारू लागत. माइकसमोर तीन सेकंद फार लांब वाटतात. त्यावर तुमचं उत्तर साधं होतं: ‘थेट प्रसारणात शांतता म्हणजे बिघाड. आपल्याकडे ती मी कापू शकते. मग तू कशाला घाबरतोस?’ हे ऐकल्यावर खांद्यावरचं ओझं उतरलं.

पण हे सगळं रेकॉर्डिंग सुरू झाल्यानंतरचं. खरे आभार मानायचे आहेत ते त्याआधी तुम्ही मागता त्या एका ओळीसाठी. तुम्हाला प्रश्नांची यादी नको असते, पाहुण्याचा परिचयही नको. ‘यांच्या कामातलं तुला नेमकं काय कळलेलं नाही, ते एका ओळीत पाठव.’ मी ‘त्यांचा इथवरचा प्रवास’ असं लिहून पाठवलं, तर ती ओळ परत येते: ‘हे तुला कळलेलं नाही असं नाही, हे तू अजून विचारलेलं नाहीस.’

या ओळीची गंमत अशी, की काही न वाचता ती लिहिता येत नाही. माणसाच्या वागण्याचे अभ्यासक जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९४ मध्ये मांडलं, की आपल्याला माहीत असलेल्या गोष्टींमध्ये एखादी फट दिसली की कुतूहल जागं होतं. ज्या विषयातलं आपल्याला काहीच ठाऊक नाही, त्यात फट दिसणार तरी कुठून? त्यामुळे ‘मी मुद्दाम तयारी करत नाही, म्हणजे ताजेपणा राहतो’ असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. दाखला म्हणून ते हमखास अमेरिकी टीव्हीवरचे मुलाखतकार लॅरी किंग यांचं नाव घेतात. किंग लेखकाचं पुस्तक न वाचताच मुलाखतीला बसत, हे खरं. पण सी-स्पॅन या अमेरिकी वाहिनीवरचे ब्रायन लँब यांनी १९८९ ते २००४ या काळात ‘बुकनोट्स’ या कार्यक्रमासाठी ८०० लेखकांना बोलतं केलं, ते पुस्तकं वाचून. दोघांच्याही प्रश्नांची लांबी बघा, मोजके शब्द असतात. न वाचता विचारणं किंग यांच्या स्वभावाला शोभलं. बाकीचे न वाचता बसतात तेव्हा पाहुण्याच्या माहितीपत्रकातलंच त्यांना परत विचारतात.

दुभाषी पाहुण्या आल्या होत्या तो भाग आठवतोय ना? माझ्या टिपणांत नाझी नेत्यांवरचे न्यूरेंबर्ग खटले होते. १९४५ मध्ये तिथे एकाच वेळी चार भाषांत भाषांतर कसं चाललं, वगैरे. रंजक आहेच, पण ते सगळं मला आधीच कळलेलं होतं. तुम्हाला पाठवलेली ओळ वेगळी होती: बंद खोलीत दोघं दुभाषी बसतात आणि साधारण वीस ते तीस मिनिटांनी पाळी बदलतात, तर ज्याची पाळी नसते तो काय करतो? मला वाटत होतं, पाणी पीत असेल. त्या म्हणाल्या, तो आकडे लिहून देतो. बाकीच्या वाक्याचा अंदाज संदर्भावरून बांधता येतो, आकड्याचा बांधता येत नाही. भाषांतर बोलणाऱ्या दुभाष्याची ओढाताण होते ती तिथेच, म्हणून शेजारचा कागदावर आकडे आणि विशेषनामं टिपून पुढे सरकवतो. तिथून पुढे त्या जे बोलल्या, त्यातलं काहीच माझ्या टिपणांत नव्हतं. (त्या भागाच्या एडिटवर तुम्ही नेहमीपेक्षा जास्त वेळ घालवलात असा माझा संशय आहे.)

विषय ओळखीचा असला की ही ओळ सुचतच नाही, सगळं समजलंय असं वाटतं. त्यावरही तुमच्याकडे औषध आहे: ‘मग मला समजावून सांग, कसं चालतं ते.’ चौथ्या वाक्याला मी अडकतो, आणि तीच ओळ होते. रोझेनब्लिट आणि काइल या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये हेच दाखवलं होतं. कपड्याची झिप कशी चालते ते आपल्याला ठाऊक आहे, असं माणसं ठामपणे सांगतात. पायरीपायरीने समजावून सांगायला लावलं, की आपल्या समजेला स्वतःच दिलेले गुण स्वतःच कमी करतात.

पाठ केलेली उत्तरं देणाऱ्या पाहुण्यांबाबतही तुमचं म्हणणं मला पटलं. तोच किस्सा, तिथेच हशा. आपण पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करायचा, ही या धंद्यातली जुनी सवय. तुम्ही म्हणता, चेहरा ऐकू येत नाही, पण खोटा आवाज येतो. त्यापेक्षा सरळ म्हणावं: तुम्ही हा किस्सा बरेचदा सांगितलाय आणि मी तो ऐकलाय, पण तुम्ही राजीनामा लिहिलात आणि दिलात, यांच्यामधल्या आठवड्यात घरी काय बोलणं झालं, ते कुठेच येत नाही. पाहुणा दचकतो. मग त्याला बरं वाटतं, कारण त्यालाही त्या किश्श्याचा कंटाळा आलेला असतो.

‘वा, किती छान!’ या माझ्या दादबद्दल फार लिहीत नाही. तुम्ही ती सगळीकडून उडवता आणि बरोबर करता. दाद दिली की पाहुणा आभार मानतो, आणि तो धागा तिथेच संपतो.

एका गोष्टीत मात्र मी अजून तुमच्याशी भांडतो. ज्याच्याबद्दल ओळच लिहिता येत नाही त्याला बोलवायचंच नाही, हा तुमचा नियम. त्यापायी काही मोठी नावं आपण सोडली. श्रोत्यांची संख्या बघणाऱ्यांना ते समजावताना माझ्या नाकी नऊ येतात. प्रत्येकात रस वाटायलाच हवा हा आग्रह मला ढोंगी वाटतो, तिथवर मी तुमच्याच बाजूला आहे. पण कधी कधी ती ओळ बोलता बोलता सापडते, तेवढी जागा ठेवा. यावर तुम्ही काय म्हणाल ते ठाऊक आहे, तरी लिहून ठेवतो.

तर ताई, मनापासून आभार. आणि एक विनंती. मधे मधे मी ‘थांबा, हे मला कळलं नाही’ म्हणतो, ते तुम्ही सफाईने काढून टाकता. बोलणं अडखळतं हे मान्य. पण श्रोत्यांनाही तिथेच कळलेलं नसतं. पुढच्या भागापासून त्यातली दोन-तीन तरी राहू द्या.

तुमचा,
दुसऱ्या ट्रॅकवरचा