डब्लिनहून शुभाला

डब्लिन
14 सप्टेंबर 2025

प्रिय शुभा,

तुझा मेसेज आला तेव्हा मी रात्रपाळीला होते. चार ओळींत उत्तर द्यावं असा तो प्रश्न नव्हता, म्हणून गणपती आणि पाळ्या उरकल्यावर आज निवांत लिहायला बसलेय. चिन्मयला जानेवारीच्या बॅचला मास्टर्ससाठी इकडे पाठवावं की नाही, हा तुझा प्रश्न. आणि सोबत तुझ्या दिरांचं म्हणणं: आपलेच लोक तिथे जाऊन गोंगाट करतात, ढोल बडवतात, तिथल्या माणसांत मिसळत नाहीत, मग मार खातात, देश तसा वेश नको का? तू ते नुसतं पुढे पाठवलंस, पण मी तुला शाळेपासून ओळखते. तुलाही ते थोडं पटलंय.

आधी काय घडलं ते नीट सांगते, कारण तुमच्याकडे अर्धवट बातम्या पोचल्यात. 19 जुलैला टॅला या डब्लिनच्या उपनगरात एका चाळिशीतल्या भारतीय माणसाला टोळक्याने रक्तबंबाळ होईपर्यंत मारलं, भर रस्त्यात त्याचे कपडे काढले. त्याला इथे येऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. वर त्याच्यावर लहान मुलांबद्दलचा घाणेरडा आरोप करून तो नेटवर पसरवला गेला. त्यात काडीचंही तथ्य नव्हतं. त्याच्या मदतीला धावली ती एक आयरिश बाई, आणि तिनेच पुढे येऊन लोकांना खरं काय ते सांगितलं. थोड्याच दिवसांत त्याच वस्तीत शेकडो माणसं वंशद्वेषाविरुद्ध रस्त्यावर उतरली. हे तुमच्यापर्यंत आलं नसेल. ऑगस्टच्या सुरुवातीला वॉटरफर्डमध्ये घरासमोर खेळणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला थोड्या मोठ्या मुलांनी मारलं आणि 'भारतात परत जा' म्हणून सुनावलं. तिची आई केरळची, पेशाने नर्स. मुलगी जन्मलीच इथे. परत जायचं कुठे तिने? आपल्या दूतावासाने 1 ऑगस्टला सूचना काढली की अवेळी सुनसान भागात फिरू नका. दरवर्षीचा इंडिया डेसुद्धा पुढे ढकलला.

आता दिरांना विचार, त्या सहा वर्षांच्या पोरीने कुठला ढोल बडवला होता? मार खाल्लेल्या त्या माणसाला तर इथला शेजारी कोण हे कळायलाही वेळ मिळाला नव्हता. मारणाऱ्यांनी त्याचं वागणं पाहिलंच नाही. रंग पाहिला.

माझं म्हणणं एवढंच आहे. परक्या देशात राहायला गेलं की तिथल्या रीतीभाती समजून घ्याव्यात, तिथल्या माणसांचा मान ठेवावा, हे मला शंभर टक्के मान्य आहे, आणि त्याबद्दल पुढे बरंच लिहिणार आहे. पण ते शेजारधर्म म्हणून करायचं. मार पडू नये म्हणून भरायची ती खंडणी नव्हे. एकदा का आपण असं धरलं की नीट वागलं तर कुणी मारणार नाही, की ज्याला मारलं त्याचंच काहीतरी चुकलं असणार असं आपोआप ठरतं. मग दवाखान्यात टाके पडलेल्या माणसाला आपणच विचारतो, तू काय केलं होतंस?

शुभा, हे आपण नाशिकमध्ये पाहिलंय. फेब्रुवारी 2008. उत्तर भारतीयांना मारहाण सुरू झाली आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली बिहार-यूपीची मुलं रातोरात निघाली, नाशिकरोड स्टेशनावर बोचकी घेऊन बसलेली माणसं तुला आठवत असतील. तुझ्या घरमालकीण बाई तेव्हा म्हणत होत्या की हे लोक मराठी शिकत नाहीत, दहा-दहा जण एका खोलीत राहतात, छटपूजेला गर्दी करतात. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी, असं मला आजही मनापासून वाटतं. पण पाणीपुरीच्या गाडीवाल्याला मारणाऱ्यांनी त्याची मराठीची परीक्षा घेतली नव्हती. आज टॅलामध्ये ज्याला मारलं त्याच्या जागी मी स्वतःला पाहते, तेव्हा तो गाडीवाला माझ्या डोळ्यांसमोर येतो. तुझ्या दिरांनी, भाऊजींनी, तेव्हाही 'त्यांनी आपल्यासारखं वागावं' म्हटलं होतं, आजही तेच म्हणताहेत. फक्त आज 'ते' म्हणजे आपण आहोत.

आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट म्हणजे हे ज्या देशात घडतंय त्या देशाला बाहेर पडून जगण्याचा जेवढा अनुभव आहे तेवढा फार थोड्यांना असेल. 1845 पासून बटाट्यावर रोग पडला, पुढची सहा-सात वर्षं उपासमार. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. 1841 च्या जनगणनेत या बेटावर 82 लाख माणसं होती. दोन्ही आयर्लंड धरूनही तो आकडा आजवर पुन्हा गाठलेला नाही. नदीकाठी कस्टम हाउसजवळ त्या दुष्काळाचे पुतळे आहेत: हाडाची काडं झालेली माणसं बोचकी छातीशी धरून बंदराकडे निघालीत. मिडल्टन नावाच्या गावात स्टीलच्या उंच पिसांचं एक शिल्प आहे, अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींच्या नावाने. स्वतः देशोधडीला लागलेल्या त्या लोकांनी 1847 मध्ये वर्गणी काढून 170 डॉलर या अनोळखी भुकेल्यांसाठी पाठवले होते. इथली माणसं ते विसरलेली नाहीत.

आमच्या नर्सिंग होममध्ये एक आजोबा आहेत, मेयो काउंटीकडचे. सतराव्या वर्षी लंडनला बांधकामावर गेले. मला सांगत होते, खोली भाड्याने विचारायला गेलं की नुसता आवाज ऐकून दार लावायचे. आयरिश म्हणजे दारुडे, भांडकुदळ, घाण. पगारातले पैसे दर आठवड्याला गावी आईला जायचे. रात्री औषध देताना त्यांचे हात धरावे लागतात, थरथरतात. ऑगस्टमध्ये बातम्या बघून त्यांनी मला विचारलं, 'घरी एकटी जातेस का?' आणि दिवसपाळीच्या पोरीला सांगून ठेवलं की हिला बसस्टॉपपर्यंत कुणीतरी सोडा.

मग राग येतो कुठून? घरांपासून सुरुवात कर. 2008 च्या मंदीत इथलं बांधकाम बसलं ते पुढे मागणीला कधी पुरलंच नाही. तिशीतली आयरिश मुलं आईवडिलांकडे राहतात, नाहीतर ऑस्ट्रेलिया गाठतात. डब्लिनमधलं भाडं ऐकून तू खुर्चीतून पडशील. त्यात आश्रय मागायला आलेल्यांना सरकार गावोगावच्या हॉटेलांत ठेवतं, गावाला धड सांगतही नाही. 2022 च्या जनगणनेत इथे राहणाऱ्या दर पाच माणसांतला एक बाहेर जन्मलेला होता. तक्रार खरी आहे, मी ती खोटी ठरवणार नाही. पण घरं न बांधणाऱ्याला सोडून आपल्याच म्हाताऱ्या आईचे डायपर बदलणाऱ्या नर्सला धरायचं, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. नोव्हेंबर 2023 मध्ये शाळेबाहेर मुलांवर चाकूहल्ला झाला, हल्लेखोर बाहेरच्या देशातून आलेला आहे अशी बातमी पसरली आणि त्या रात्री जमावाने डब्लिनमध्ये बस जाळल्या, दुकानं फोडली. त्या हल्लेखोराला हेल्मेट मारून खाली पाडणारा डिलिव्हरीवाला ब्राझीलहून आलेला होता. जमावाने तेवढं ऐकायला थांबायला हवं होतं.

आता मान राखण्याचं. यावर मला जास्त बोलायचंय, कारण आपल्या लोकांत याचा अर्थ फार उथळ घेतला जातो. सूटबूट घातला, उच्चार बदलला, नाव 'सॅम' केलं, झालं. त्याने कुणाला काय मिळतं? इथे शिकण्यासारखं पाहायचं असेल तर मयताला जा. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडची एक आजी गेली, तिचं घर खेड्यात. इथे मृत्यूच्या बातम्यांची आरआयपी डॉट आयई अशी साइटच आहे, लोक रोज सकाळी उघडून बघतात. आजीला पेटीत घरातच ठेवलं होतं. बाहेर पावसात रांग. पोस्टमन, शाळेतल्या बाई, क्लबातली मुलं, नात्यागोत्याची नसलेलीही माणसं. रांगेतून आत जायचं, घरच्या प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा, 'सॉरी फॉर युअर ट्रबल' एवढंच म्हणायचं आणि पुढे सरकायचं. स्वयंपाकघरात शेजारणी चहा आणि सँडविचचं बघत होत्या, घरच्या बाईला कपसुद्धा उचलू देत नव्हत्या. तिची लेक मला बघून म्हणाली, 'तू एवढ्या लांब आलीस!' आणि मला धरून रडली. प्रार्थना मला येत नव्हती, कुणी विचारलंही नाही. मी आले होते, हे पुरेसं होतं. तेव्हापासून ती लेक गणपतीला येते, उकडीचे मोदक खाते.

अशा गोष्टी आहेत बघ. बसमधून उतरताना सगळेच्या सगळे ड्रायव्हरला थँक्स म्हणतात, अगदी दांडगट पोरंसुद्धा. शनिवारी सकाळी गल्लीतले म्हातारे लोक चिमटे घेऊन कचरा उचलतात, टायडी टाउन्स ही स्वच्छ-नीटनेटक्या गावांची स्पर्धा 1958 पासून चालू आहे. हर्लिंग या इथल्या काठी-चेंडूच्या खेळाचे खेळाडू क्रोक पार्क स्टेडियमवर ऐंशी हजार लोकांपुढे खेळतात आणि सोमवारी आपापल्या नोकरीवर जातात, पैसा घेत नाहीत. यात हात घालायचा. आमच्या मराठी मंडळींनी यंदा गणपतीसाठी हॉल घेतला, ढोल-ताशाची वेळ आधी शेजारच्या घरांना चिठ्ठी टाकून कळवली, ठरल्या वेळी थांबवला, विसर्जन टबात केलं. समोरच्या घरातली दोन पोरं ताशा वाजवून गेली. ढोल बंद करायची गरज नव्हती, सांगायची होती. बसमध्ये स्पीकरवर व्हिडिओ कॉल लावणारे, पाच वर्षं राहून शेजाऱ्याचं नाव माहीत नसणारे आणि घरी बसून 'हे गोरे लोक' म्हणून नाकं मुरडणारे आपले लोकही आहेत. मला त्यांचा राग येतो, मी तोंडावर बोलते. पण मार खायची शिक्षा त्यांनाही नाही.

आणि मान राखणं म्हणजे मान तुकवणं नाही, हेही चिन्मयला सांग. तुला बेळगावची सविता हलप्पनवार आठवते? दंतवैद्य, 31 वर्षांची. ऑक्टोबर 2012 मध्ये गॉलवेच्या हॉस्पिटलात तिचा गर्भपात होऊ घातला होता, बाळ वाचण्याची आशा नव्हती, तिने गर्भ काढून टाका म्हणून विनवलं. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून नकार. हा कॅथलिक देश आहे, अशा अर्थाचं तिला ऐकावं लागलं. अंगात विष पसरलं आणि 28 ऑक्टोबरला ती गेली. यजमानांच्या रीतीपुढे गप्प बसायचं म्हटलं तर तिच्या नवऱ्यानेही गप्प बसायला हवं होतं. तो बोलला. आणि मग इथल्याच बायका हजारोंनी रस्त्यावर आल्या. 25 मे 2018 च्या सार्वमतात 66 टक्के लोकांनी गर्भपाताला आडवी येणारी ती घटनादुरुस्ती रद्द केली. मत द्यायला देश सोडून गेलेली आयरिश मुलं विमानं पकडून घरी आली होती. पोर्टोबेलोमध्ये सविताचं भिंतीवर चित्र काढलं होतं, त्याभोवती लोकांनी क्षमा मागणाऱ्या चिठ्ठ्या डकवल्या. तेव्हा पंतप्रधान होता लिओ वराडकर, ज्याच्या वडिलांचं गाव आपल्या मालवण तालुक्यातलं वराड. एका देशाची संस्कृती म्हणजे यातलं काय काय गं? नकार देणारा कायदाही, आणि त्या चिठ्ठ्याही. मी मान देते तो चिठ्ठ्यांना.

तर, चिन्मयला पाठव. धोका नाही असं मी म्हणणार नाही. पण ऑगस्टमध्ये मायकल डी. हिगिन्स यांनी इथले राष्ट्राध्यक्ष म्हणून या हल्ल्यांचा जाहीर निषेध केला आणि भारतीयांचे, खास करून डॉक्टर-नर्सेसचे, या देशावर मोठे उपकार आहेत असं स्पष्ट सांगितलं. हॉस्पिटलात ते रोज दिसतं.

त्याला एवढं सांग. खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय डिपॉझिट पाठवायचं नाही, विद्यार्थ्यांना फसवणारे पुष्कळ आहेत. कॉलेज चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं, त्या हिशेबाने पैसे धर. चार मराठी मुलांबरोबर राहिला तरी चालेल, पण वर्गातल्या आयरिश मुलांनी बोलावलं तर जायचं. पबमध्ये लिंबूपाणी घेतलं तरी कुणी विचारत नाही, फक्त आपली पाळी आली की सगळ्यांसाठी आपण घ्यायचं. रात्री उशिरा शेवटच्या बसने एकट्याने यायचं नाही. आणि कुणी शिवी दिली, थुंकलं, हात उचलला, तर 'जाऊ दे' म्हणून सोडायचं नाही. 999 ला फोन करायचा, गार्डाकडे म्हणजे इथल्या पोलिसांकडे तक्रार नोंदवायची, आणि हे वंशद्वेषातून झालं हे लिहून घ्यायला लावायचं. 2024 च्या अखेरीस द्वेषाच्या गुन्ह्यांना जादा शिक्षेचा कायदा लागू झालाय. तक्रारच नसेल तर त्याचा उपयोग काय?

पहिले काही दिवस तो माझ्याकडे राहील, तोवर आपण खोली बघू. जानेवारीत इथे चार-साडेचारलाच अंधार पडतो, चांगलं वॉटरप्रूफ जॅकेट मात्र इथेच घेऊ. तिकीट काढलं की फ्लाइट कळव, मी त्या दिवशी पाळी बदलून घेईन. आणि हे पत्र भाऊजींना वाचायला दे. त्यांना काही बोलायचं असेल तर रविवारी फोन करू देत, मी घरीच आहे.

तुझी,
रेखा