उशीर झालाच नव्हता, तर माफी कसली?

संपादक महोदय,

माझ्या मावशीच्या वाटपाच्या दाव्याचा निकाल २० फेब्रुवारी २०२० ला तिच्या विरोधात गेला. जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस. निकालाच्या नकलेचा अर्ज टाकला आणि नक्कल हातात पडायच्या आत टाळेबंदी लागली. पहिला दिवस नेमका गुढीपाडव्याचा. एसटी बंद, वकीलसाहेब गावाला, मावशी पंचाहत्तरीच्या पुढची. अपील दाखल झालं १२ एप्रिल २०२२ ला.

सर्वोच्च न्यायालयाचा १० जानेवारी २०२२ चा आदेश सांगतो की १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या हिशेबात धरायचाच नाही. ज्यांची मुदत या काळात संपत होती, त्यांना १ मार्चपासून ९० दिवस. मावशीचे आधीचे जेमतेम तेवीस दिवस गेले होते. तरी जिल्हा न्यायालयातल्या कारकुनांनी ‘७५२ दिवस उशीर’ असा शेरा मारून विलंब माफीचा अर्ज मागितला. वकिलांनीही, कशाला वाद म्हणून, देऊन टाकला. मग समोरच्यांना नोटीस, त्यांचं म्हणणं, आणि त्यात सवाल: बाईंना करोना झाल्याचा दाखला कुठाय?

दाखल्याचा इथे संबंधच काय? मुदत कायद्याच्या कलम ५ खाली माफी मागायची तर ‘पुरेसं कारण’ पटवावं लागतं आणि ते पटणं न्यायाधीशांच्या हाती. वगळलेल्या काळाचं तसं नाही. आजारी असो वा ठणठणीत, ते दिवस कुणाच्याच खात्यावर पडत नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच हात आखडता घेतला होता: त्याआधी दिलेली सवलत मूळ मुदतीला, त्यापुढे उशीर माफ करता येतो त्या दिवसांना नाही. पण ८ मार्च २०२१ च्या आदेशात तेही दिवस वगळले गेले.

ज्यांची मुदत २०१९ मध्येच टळली होती, त्यांनी करोनाच्या आड लपू नये; त्यांच्याकडून कारण जरूर मागा. पण बाकीच्यांची मुदत मोजताना काय वगळायचं, हे उच्च न्यायालयाने एका परिपत्रकाने प्रत्येक दाखल विभागाच्या भिंतीवर लावावं. आणि पुढच्या साथीसाठी मुदत कायद्यातच तरतूद हवी. न्यायालय बंद असेल तर कलम ४ कामी येतं. पण न्यायालय कागदोपत्री चालू आणि तिथवर पोचायचा रस्ताच बंद, असं झालं तर काय, हे त्यात नाही.

मावशीची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे, तीही माफीच्या अर्जावरच.

– एक वाचक, पुणे