खुंटीवरची माळ

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

माणूस शिकला की नास्तिक होतो आणि संकटात सापडला की देव आठवतो, असा एकंदर सूर गेल्या काही दिवसांत आपल्याकडे आलेल्या पत्रांत दिसला. आमच्या घरी मात्र उलटंच घडलं.

वडील माळकरी, शाळा दुसरीपर्यंत. आषाढीची वारी चुकवली नाही. आईला देवाधर्माला उसंत नसे. "हात जोडायला आधी हात मोकळे पाहिजेत की," म्हणायची.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून मी उशिरा आलो, दार वाजवायचं जिवावर आलं, म्हणून खळ्यातच आडवा झालो. वडील जागलीला शेतात होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि घर बसलं. आई तुळईच्या आडोशाला सापडली. धाकटी बहीण दुपारी ढिगाऱ्यातून निघाली, पण जीव उरला नव्हता.

आमच्या भागात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाची थरावर थर माती. तीच लोकांच्या अंगावर आली. गवताने शाकारलेल्या झोपड्या बऱ्याच उभ्या राहिल्या. ज्यांना पक्कं घर बांधणं कधी परवडलं नाही, ती माणसं वाचली. पुढे विज्ञान शिक्षक झाल्यावर हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. पण बहीण आत आणि मी खळ्यात, हे कोणत्या धड्यात बसवायचं?

आई म्हणाली, "इठ्ठलानं एक तरी ठिवलं." तेव्हापासून तिने एकादशी धरली ती शेवटपर्यंत. वडिलांनी त्याच आठवड्यात माळ उतरवली. वारी बंद, कपाळाला बुक्का नाही. पारावर कुणी नास्तिक म्हणालं की म्हणत, "देव न्हाई असं कुटं म्हनलो? आमचं बोलनं बंद हाय." बांधावरून भांडलेल्या भावाबद्दल बोलावं तसं. अशा माणसाला कोणत्या रकान्यात घालणार? मला तर स्वतःलाही घालता येत नाही.

उतरवलेली माळ त्यांनी टाकली मात्र नाही. पत्र्याच्या शेडमध्ये ती खिळ्याला होती. पुनर्वसनाच्या गावात घर मिळालं, तेव्हा पहिली खुंटी तिच्यासाठीच ठोकली. ते जाऊन बरीच वर्षं झाली. दिवाळीला रंग देताना मी ती उतरवतो, पुसतो आणि परत तिथेच अडकवतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. लोहारा, जि. धाराशिव